कोकणात घरच्या घरी पुस्तकांचं रंगवलेलं कपाट, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कपाट करणं तसं अवघड नाही. फळ्या कापायच्या, स्क्रू मारायचे, रंग द्यायचा, मनावर घेतलं तर कोणालाही जमतं. अवघड आहे ते इथल्या हवेत टिकवणं. घाटावर जे कपाट पंधरा-वीस वर्षं जागचं हलत नाही तेच आमच्याकडे देवगडात दोन पावसात फुगतं आणि हे मी स्वतःच्या घरात बघितलंय म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं पहिलं कपाट मे महिन्यात केलेलं. पाऊस तोंडावर आलेला, घाईघाईत उभं केलं, तेही पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून, आणि मागची बाजू दिसत नाही म्हणून तिला रंगच दिला नाही. दुकानदाराने प्लाय 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून दिलेली, मी शिक्काही बघितला नाही. गणपतीच्या आधी साफसफाईला पुस्तकं काढली तर मागच्या प्लायवर सगळीकडे पांढरा-हिरवट बुरा आणि खालच्या खणातल्या पुस्तकांच्या कडा ओल्या. त्यात आजोबांनी पहिल्या पानावर शाईने नाव घातलेली एक पोथी होती, ती शाई पसरून नुसता निळा डाग राहिला. त्याचं अजून वाईट वाटतं. शेजारचे मेस्त्री (आमच्याकडे सुताराला मेस्त्रीच म्हणतात) बघायला आले, त्यांनी खाली बसून बाजूच्या फळीच्या तळाच्या कडेवरून नख फिरवलं आणि प्लायचा वरचा पापुद्रा कांद्याच्या पातीसारखा उचलला गेला. म्हणाले, "अरे झिला, पाणी वरसून जाणा नाय, कडेतसून जाता."

त्यानंतर तीन कपाटं केली, तिन्ही शाबूत आहेत, आणि फरक फक्त या एका वाक्याने पडलाय. रंग म्हणजे कपाटाचं इरलं. ते शोभेला नसतं, आणि इरल्याला एक भोक असलं तरी पाठ भिजतेच. म्हणून खाली जिथे जिथे 'कड', 'तळ', 'मागची बाजू' असे शब्द येतील तिथे घाई करू नका, बाकी ठिकाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

कधी करायचं

दसरा झाल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मे महिन्यात हवा आधीच जड झालेली असते आणि रंग पुरता वाळायच्या आत पाऊस सुरू होतो. कामाला मोकळे दिवस चार-पाचच लागतात, पण मधे वाळवायचे दिवस धरून पंधरा दिवस पकडा आणि नंतर पुस्तकं ठेवण्याआधी अजून दोन-तीन आठवडे. हे ऐकून बरेच जण नाराज होतात पण इथे सूट नाही.

सामान

प्लाय घेताना तीन नावं कानावर येतील. एमआर म्हणजे नुसता दमटपणा सहन करणारी, ही आपल्याकडे नकोच. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला बऱ्यापैकी टिकणारी, या दोन्ही आयएस (म्हणजे भारतीय मानक) ३०३ मध्ये येतात. आणि बीडब्ल्यूपी, जिला दुकानात मरीन प्लाय म्हणतात, तिचा नंबर आयएस ७१०. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि हा नंबर छापलेला असतो, तो स्वतः वाचा, नुसत्या 'वॉटरप्रूफ' शब्दावर जाऊ नका. शक्य असेल तर ७१० च घ्या, पैसे जास्त जातात पण एकदाच जातात. शंका असेल तर दुकानातून एक छोटा तुकडा मागून आणा आणि जुन्या टोपात चार-पाच तास उकळा. खऱ्या मरीन प्लायच्या चाचणीत ती ७२ तास उकळतात, त्यामुळे तुमच्या चार तासांत पापुद्रे सुटले तर ती शीट घरी आणायचीच नाही.

एकसंध लाकडाची फळी का नको असं विचाराल तर, लाकूड श्वास घेतं. ११ इंच रुंदीची फळी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात सूतभर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तरी रुंद होते आणि मग जोड उघडतात, रंगाला चिरा पडतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ती रुंदीत फारशी फुगत नाही. पण घरी फणसाचं किंवा सागाचं जुनं लाकूड पडलेलं असेल तर ते पुढच्या पट्ट्यांना वापरा, फणसासारखं लाकूड नाही. रायवळ आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण त्याला कीड फार लवकर लागते, पुस्तकांजवळ नको.

जुन्या दाराच्या फळ्या वापरणार असाल तर एक सांगतो, जुन्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएमपर्यंत (दहा लाखात ९० भाग) खाली आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचा रंग असेल तर तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही, घरात लहान मूल असेल तर नाहीच नाही. अशी फळी सोडून द्या.

तर यादी अशी: १९ एमएमची ८ बाय ४ ची एक शीट, मागच्या बाजूला ६ एमएमची ६ बाय ३ ची एक शीट, पाऊण इंच चौकोनी लाकडी पट्टी साधारण १२ फूट, कडांना लावायला अर्धा इंच जाड पट्टी (सहा सूत रुंद १२ फूट आणि दीड इंच रुंद १५ फूट), पाण्यात न सुटणारा फेविकॉल म्हणजे मरीनवाला, ८ नंबरचे २ इंची स्क्रू ६० आणि सव्वा इंची ८०, छोटे चुके म्हणजे बारीक खिळे, वूड प्रायमर दोन लिटर, एनॅमल दोन लिटर, लांबी म्हणजे वूड पुट्टी अर्धा किलो, टर्पेंटाईन, पॉलिश पेपर १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खाऱ्या वाऱ्यात साधा काळा स्क्रू गंजतो आणि रंगातून तांबडा डाग बाहेर येतो, मग कितीही वेळा वरून रंग द्या तो परत दिसतो. बंदराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे होड्यांमुळे एसएसचे स्क्रू बहुतेक मिळतात.

हत्यारांत टेप, गुण्या (काटकोन बघायला), ओळंबा (उभं सरळ आहे का बघायला, दोरीला लावलेलं वजन), करवत, ड्रिल मशीन, ३ एमएमचं बिट, स्क्रूचं डोकं आत बसवायला काउंटरसिंक बिट, दोन सी-क्लॅम्प, दोन इंची ब्रश आणि चार इंची फोमचा रोलर. ड्रिल शेजाऱ्याकडून आणलं तरी चालेल. मास्क मात्र स्वतःचा आणि चांगला घ्या, लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणं कर्करोगाचं कारण मानलं गेलंय.

माप

आपण करतोय ते ६ फूट उंच, ३० इंच रुंद, ११ इंच खोल, पाच खणांचं कपाट. रुंदी ३० च का, तर फळी वाकते. फूटभर पुस्तकांचं वजन साधारण १० किलो धरा, म्हणजे एका खणात २०-२५ किलो बसतात. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तकंही त्याच हिशोबाने भरली तर मधला झोळ दुप्पट नाही, सोळा पट होतो. म्हणून चार-पाच फूट लांब फळ्यांची जी कपाटं लोक हौसेने करतात ती दोन वर्षांत पाळण्यासारखी वाकलेली दिसतात. रुंद हवं असेल तर अशी दोन कपाटं शेजारी ठेवा.

आणि ११ इंच खोली का, आपली नेहमीची मराठी पुस्तकं डेमी आकाराची, साडेपाच इंच रुंद नि साडेआठ उंच, दिवाळी अंक थोडे मोठे. मग सात-आठ इंचात भागलं असतं की. भागलं असतं, पण मला पुस्तकांच्या मागे तीन-चार इंच मोकळी हवा हवी असते. पुस्तकं पुढच्या कडेला ओढून लावायची, मागे मोकळं. यानेच निम्मा बुरा कमी होतो.

आता कापणी. ८ बाय ४ म्हणजे ९६ बाय ४८ इंच. दुकानात मशीनवर लांबीच्या दिशेने ११ इंचाच्या चार पट्ट्या काढून घ्यायच्या. पातं प्रत्येक कापाला जवळजवळ एक सूत खातं, चार कापांत अर्धा इंच जातो, त्यामुळे शेवटी साडेतीन इंचाची एक अरुंद पट्टी उरते, ती तिथेच टाकून येऊ नका. पहिल्या दोन पट्ट्यांतून ७२ इंचाच्या दोन उभ्या बाजू. पुढच्या दोघींतून साडेअठ्ठावीस इंचाचे तीन-तीन तुकडे, म्हणजे सहा आडव्या फळ्या. अरुंद पट्टीतून साडेअठ्ठावीसचेच तीन तुकडे, एक पुढे पायाशी, दोन मागे. मागच्या शीटमधून ७२ बाय ३० चा तुकडा. बस, मागची बाजू सोडली तर एका शीटमध्ये सगळं कपाट निघतं. मात्र आधी प्लायची जाडी स्वतः मोजा, १९ म्हणून दिलेली कधी १८ भरते, तशी असेल तर आडव्या फळ्या जशाच्या तशा ठेवा, कपाट दोन एमएमने अरुंद होईल, आणि मागचा तुकडा तेवढा कमी करा. सगळे काप मशीनवरच करून घेतले तर उत्तम, हाताने सरळ कापायला सवय लागते आणि पट्ट्या रिक्षातूनही घरी येतात.

खुणा करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन्ही बाजू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा, तळ एका रेषेत आणा, आणि गुण्या लावून दोन्हीवर एकदमच रेघ मारा. वेगवेगळं मोजलं की एकीकडे सूतभर फरक पडतोच आणि फळी तिरकी बसते. तळापासून फळ्यांच्या खालच्या रेघा अशा: ४ इंच, पावणेवीस, ३४, पावणेसत्तेचाळीस, ५९ आणि सव्वाएकाहत्तर. यातून खालून वर १५, साडेतेरा, १२, साडेअकरा आणि साडेअकरा इंचाचे खण मिळतात. जाड-मोठी पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे खाली, नेहमीची वर. मुलांची मोठ्या आकाराची पुस्तकं असतील तर तुमची सगळ्यात उंच चार पुस्तकं समोर ठेवून मग आकडे बदला. पुढून पट्टी लावल्यावर खणाचं तोंड पाऊण इंचाने लहान होतं तेही धरा.

जोडण्याआधी पहिला हात

इथे बहुतेक सगळे चुकतात आणि मीही चुकलो होतो. कपाट उभं करून मग रंगवलं की जोडाच्या आतल्या आणि तळाच्या कडा कोऱ्याच राहतात. म्हणून प्रायमरचा पहिला हात सुट्या तुकड्यांवर द्यायचा.

सगळे तुकडे पडवीत दोन बाकांवर मांडा, १२० ने आणि मग १८० ने घासा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. धूळ आधी ब्रशने आणि मग टर्पेंटाईन लावलेल्या फडक्याने पुसा, पाण्याच्या फडक्याने नको. मग कडा. प्रायमर थोडा पातळ करून ब्रश कडेवर नुसता फिरवायचा नाही, टेकवून टेकवून भरायचा. बघा काय होतं ते, पहिला थर लावल्या लावल्या चकाकतो आणि दोन-तीन मिनिटांत ती चमक जाऊन कड परत कोरडी, कोरी दिसायला लागते. प्लायने तो पिऊन टाकलेला असतो. पावसात पाणीही असंच पिणार. दुसऱ्या दिवशी परत द्या, आणि पुढचा थर वर राहीपर्यंत देत राहा, मला साधारण तीन लागतात. उभ्या बाजूंचे तळ तर चार. मागच्या प्लायच्या चारही कडा आणि दोन्ही तोंडं तशीच.

जिथे फेविकॉल लागणार तिथे मात्र प्रायमर नको, फेविकॉल रंगाला धरत नाही. म्हणजे उभ्या बाजूंवर मारलेल्या रेघांच्या वर, फळी बसेल तेवढ्या जागेवर आणि रेघांच्या खाली आधारपट्टीच्या जागेवर मास्किंग टेप लावून ठेवा, मग प्रायमर द्या आणि वाळल्यावर टेप काढा. आडव्या फळ्यांची दोन टोकं, त्यांच्या खालच्या तोंडाची टोकाकडची पाऊण इंच जागा, आणि जिथे पुढून पट्टी चिकटणार आहे त्या पुढच्या कडा, या कोऱ्या ठेवा, त्या पुढे फेविकॉलनेच बंद होतात.

जोडणी

नवख्याने खाचा मारायच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक फळीच्या खाली दोन्ही बाजूंना पाऊण इंची चौकोनी पट्टी लावायची, साडेदहा इंच लांब (सगळ्यात वरच्या फळीखाली दहा आणि सगळ्यात खालच्या फळीखाली साडेनऊ, कारण तिथे मागचे-पुढचे तुकडे बसतात), तिचा वरचा काठ बरोबर रेघेवर. सव्वा इंची तीन स्क्रू आणि फेविकॉल. पट्टी आणि प्लाय मिळून दीड इंच होतात त्यामुळे सव्वा इंचीचं टोक बाहेर येत नाही. सगळ्या पट्ट्या झाल्या की एक बाजू जमिनीवर काठावर उभी करा, दुसऱ्याला धरायला सांगा (इथे दुसरा माणूस लागतोच), आणि आधी सगळ्यात वरची व सगळ्यात खालची फळी बसवा, मग मधल्या.

बाहेरून प्रत्येक फळीला एका बाजूने तीन २ इंची स्क्रू. आधी ३ एमएमचं भोक, नाहीतर प्लायच्या कडेत स्क्रू शिरताना थर फाकतात आणि तो जोड कधीच पक्का होत नाही. भोक फळीच्या जाडीच्या बरोबर मधे यायला हवं म्हणून बाहेरच्या बाजूलाही फळीच्या मध्यावर पेन्सिलची रेघ मारून घ्या, अंदाजाने मारलं की एखादा स्क्रू फळीच्या वर किंवा खाली बाहेर पडतोच. आता अरुंद पट्टीतून काढलेले तीन तुकडे. मागचा एक तुकडा वरच्या फळीच्या लगेच खाली, हा महत्त्वाचा, यालाच कपाट भिंतीशी धरायचंय. एक मागे खालच्या फळीच्या खाली, एक पुढे पायाशी. खालच्या फळीखाली जागा ४ इंच आणि तुकडा साडेतीनचा, त्यामुळे जमिनीपासून अर्धा इंच फट राहते, ती मुद्दाम आहे. लादी पुसताना फडक्याचं पाणी त्याला लागत नाही.

फेविकॉल ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. सारखे आले म्हणजे कपाट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबा आणि मग लगेच मागची प्लाय ठोका, दर सहा इंचाला एक सव्वा इंची स्क्रू. हीच प्लाय कपाटाला तिरकं होऊ देत नाही. मागे जाळी लावून उघडं ठेवावं असं काही जण सांगतात, हवा खेळते हे खरं, पण मग कपाट डुलतं. त्यापेक्षा प्रत्येक खणाच्या मागे वरच्या बाजूला इंचभराची दोन भोकं पाडा, आतून नायलॉनची जाळी लावा म्हणजे झुरळं येणार नाहीत, आणि भोकांच्या कडांनाही प्रायमर भरायला विसरू नका.

शेवटी पुढच्या पट्ट्या. उभ्या बाजूंना सहा सुती, आडव्या फळ्यांना दीड इंची, वरचा काठ फळीला समतल. फेविकॉल आणि चुके, चुक्याचं डोकं खिळ्याने आत दाबून टाका. ही दीड इंची पट्टी दिसायला छान दिसतेच पण फळीचा झोळही तीच थोपवते.

रंग

रंग कुठल्या दिवशी काढायचा ते मी मिठावरून ठरवतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरायला लागतं. वाटीत थोडं मीठ उघडं ठेवा, सकाळी ओलसर झालेलं दिसलं तर त्या दिवशी ब्रश हातात घेऊ नका. थंडीत पहाटेचं दंव असतं म्हणून नऊ-दहाच्या आधी सुरू करायचं नाही आणि चारनंतर थांबायचं, संध्याकाळची ओल ताज्या रंगावर बसली की चमक मरते आणि पांढुरके ढग उमटतात. थेट उन्हातही नको.

आधी स्क्रूची आणि चुक्यांची सगळी भोकं लांबीने भरा, किंचित वर राहील अशी, वाळताना ती बसते. दुसऱ्या दिवशी २२० ने घासून सपाट करा. बोटं फिरवून बघा, डोळ्याला न दिसलेला खड्डा बोटाला लागतो. मग प्रायमरचा दुसरा हात सगळीकडे, आता जोडांच्या सांध्यांतही. एक दिवस वाळू द्या, परत २२० चा हलका हात.

एनॅमलमध्ये दोन प्रकार, तेलाचं आणि पाण्याचं. तेलाचं कडक आणि गुळगुळीत होतं, पण पांढरा रंग घेतला तर जिथे उजेड पडत नाही तिथे तो पिवळा पडत जातो, म्हणजे नेमका पुस्तकांच्या मागे. पांढरा किंवा फिका हवा असेल तर पाण्याचं ॲक्रिलिक एनॅमल घ्या, वासही कमी. गडद निळा, हिरवा, विटकरी असा रंग असेल तर तेलाचं बिनधास्त वापरा, आमच्या घरात समुद्राकडची दोन्ही कपाटं गडद हिरवी तेलाच्या रंगाचीच आहेत.

रंग पातळ द्यायचा. एक जाड हात म्हणजे दोन पातळ हात असं होत नाही, जाड थराला वरून साय धरते आणि आत ओलं राहतं, इथल्या हवेत तर महिनाभर. ब्रश एक तृतीयांशच बुडवा, डब्याच्या काठाला टेकवून निथळवा. आधी आतली बाजू, वरच्या खणापासून खाली यायचं, फळीचं खालचं तोंड आधी, मग कोपरे ब्रशने आणि सपाट भाग रोलरने. मग बाहेरून, मग मागून. हो, मागूनही दोन हात. दहा मिनिटांनी टॉर्च तिरका मारून परत एकदा फिरा, ओघळ आले असतील तर ब्रशने ओढून घ्या, वाळल्यावर ते घासून काढणं म्हणजे फार काम. डब्यावर आठ तास लिहिलेलं असलं तरी आपण चोवीस धरायचे. मग ३२० चा पेपर अगदी हलका, धूळ पुसून दुसरा हात. बहुतेक दोनात होतं, पण तळ आणि पायाकडची चार इंच यांना तिसरा द्याच. तळ रंगवायला कपाट आडवं करावं लागतं, करा.

तेलाच्या रंगाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि ढीग असेल तर पेट घेऊ शकतात. बाहेर दोरीवर पसरून वाळू द्या, मग फेका.

वाळवीसाठी आपल्याकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे, त्यामुळे कोणीतरी तुम्हाला ते कपाटाला लावायला सांगेल. होडीला ते ठीक, रंगवायच्या कपाटाला नको, त्यावर रंग नीट धरत नाही आणि हातावर पडलं तर कातडी भाजते. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून मातीच्या नळ्या करत येते, तिला येताना दिसेल अशी मोकळी जागा ठेवणं हाच खरा उपाय, तो आता सांगतो.

भिंतीशी बसवणं

पावसाचा मारा येतो ती भिंत सोडा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत नको, माजघराच्या आतल्या भिंतीला लावा. भिंत आणि कपाट यांच्यात २ इंच अंतर हवंच. त्यासाठी २ इंच जाड, ६ इंच लांब असे दोन लाकडी गुटके सगळीकडून रंगवून घ्या आणि भिंतीला आडवे ठोका, कपाटाच्या मागच्या वरच्या तुकड्याच्या उंचीला, दोघांच्या मधे मोकळी जागा ठेवून.

भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. चिरा मऊ असतो, आत पोकळ्या असतात, हॅमरने १० एमएमचं भोक बघता बघता १४ चं होतं आणि रावल प्लग (भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) आत नुसता फिरत राहतो. साध्या फिरतीवर सावकाश, भिंतीत किमान अडीच इंच आत जाईल असा लांब प्लग घ्या, भोकातली धूळ फुंकून काढा. तरी सैल वाटला तर सिमेंटचा घट्ट कालव भोकात भरून प्लग दाबा आणि दोन दिवस हात लावू नका. प्रत्येक गुटक्याला दोन स्क्रू, लांबी साडेचार इंच तरी हवी कारण दोन इंच गुटक्यातच जातात.

कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजूंच्या तळाखाली कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाईटच्या पातळ पट्ट्या ठेवा, लाकूड लादीला टेकता कामा नये. जुन्या घरातली जमीन सरळ नसतेच, म्हणून बाजूला ओळंबा सोडा आणि ज्या बाजूला कमी असेल तिकडे पट्टीखाली प्लास्टिकच्या चकत्या घाला. उभं सरळ आलं की मगच आतून, मागच्या वरच्या तुकड्यातून अडीच इंची दोन-दोन स्क्रू गुटक्यांत. भरलेलं कपाट दीडशे किलोच्या आसपास जातं, आणि लहान मूल खालच्या खणावर पाय देऊन वर चढायला बघणारच, त्यामुळे हे चार स्क्रू 'नंतर मारू' म्हणून ठेवायचे नाहीत.

पुस्तकं

मागच्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी रंगावर नख दाबून बघा. खूण उमटून राहिली तर रंग अजून कच्चा आहे. कच्च्या रंगावर ठेवलेली पुस्तकं चिकटतात, विशेषतः गुळगुळीत कव्हरची, आणि ओढून काढली की कव्हरचा थर फळीवर राहतो. दोन-तीन आठवडे थांबा, अगदीच राहवत नसेल तर वर्तमानपत्र नको (शाई उतरते), कोरा कागद अंथरून ठेवा.

जड पुस्तकं खाली. गच्च भरू नका, खणात हात सहज जाईल एवढी जागा सोडा. कसरीसाठी वेखंडाची पूड फडक्यात बांधून प्रत्येक खणात एक पुरचुंडी, ती दर पावसाच्या आधी बदलायची. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी खणांमधून पंख्याची हवा जाऊ द्या.

गौरी-गणपती झाले की एकदा गुडघे टेकून टॉर्चने तळ आणि मागची फट बघा. मातीची नळी दिसली तर लगेच मोडा आणि ती कुठून येते ते शोधा. पायाशी कुठे रंग उडालेला दिसला तर उन्हं पडेपर्यंत थांबून तेवढ्याच जागी घासा, प्रायमर आणि रंग द्या. त्यासाठी उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, अर्ध्या डब्यात हवा असते म्हणून तो आळून जातो. छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, आणि बाटलीवर रंगाचा शेड नंबर व तारीख लिहून ती कपाटाच्याच सगळ्यात वर मागे ठेवून द्या.